खैर, मीठ आणि गुळणी : साष्टीतील मुखस्वास्थ्याचा इतिहास

मुंबईची आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याच्या मध्यभागी डोंगर आणि जंगल, पूर्वेला खाडीलगतची मिठागरे आणि पश्चिमेला समुद्रकाठचे कोळीवाडे अशी भूरचना होती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही नावे रेल्वेस्थानकांच्या पाट्यांवर येण्याआधी याच भूरचनेतील गावांची होती. तोंडाच्या आणि घशाच्या रोगांसाठी आयुर्वेदाने जी द्रव्ये सांगितली, त्यांपैकी खैर आणि मीठ ही दोन या बेटाला बाहेरून आणावी लागत नव्हती. मात्र द्रव्य हाताशी असणे आणि ते कोणाला, केव्हा व कसे द्यावे हे ठाऊक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साष्टीतील मुखस्वास्थ्याचा इतिहास पाहताना या दोहोंतील अंतराकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

या बेटावर दात घासण्याच्या शिस्तबद्ध परंपरेचा माग बोरिवलीमागच्या कान्हेरी लेण्यांपर्यंत नेता येतो. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासपासून सुमारे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथे भिक्षुसंघाची वस्ती होती, शंभराहून अधिक लेणी कोरली गेली आणि त्यांतील अनेकांना स्वतःचे पाण्याचे टाके, म्हणजे शिलालेखांच्या भाषेत ‘पोढी’, होते. बौद्ध विनयग्रंथांत, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संग्रहांत, दातवणाला स्वतंत्र स्थान आहे. पाली ‘चुल्लवग्गा’त दातवणाची लांबी चार बोटांहून कमी आणि आठ बोटांहून अधिक नसावी असे सांगितले आहे, आणि त्याच्या पाच लाभांत तोंडाची दुर्गंधी जाणे व जिभेची चव शुद्ध होणे यांची गणना केली आहे. कान्हेरीत वेगवेगळ्या निकायांचे, म्हणजे बौद्ध पंथांचे, भिक्षू राहिले आणि प्रत्येक निकायाचा विनय निराळा असला, तरी दातवणाचा नियम अनेक निकायांत समान होता. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग यानेही आपल्या वृत्तांतात त्याचे सविस्तर वर्णन केले. सामूहिक निवासात, जेथे अनेक माणसे एकत्र राहतात, तेथे तोंडाची स्वच्छता हा खासगी सोयीचा नव्हे, तर संघाच्या आरोग्याचा प्रश्न असतो, हे त्या नियमांमागे स्पष्ट दिसते.

आयुर्वेदाच्या संहितांनी हीच बाब अधिक काटेकोरपणे मांडली. सुश्रुताने मुखरोगांचे ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशा सात स्थानांनुसार 65 प्रकार सांगितले. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ही संख्या 75 वर गेली. यांतील ‘तुंडिकेरी’ म्हणजे टाळूच्या मागील बाजूस रानकापसाच्या बोंडासारखी येणारी सूज, जिची सांगड आजचे वैद्य टॉन्सिलच्या दाहाशी घालतात, आणि ‘रोहिणी’ म्हणजे मांसांकुरांनी घसा कोंडून प्राण घेणारा विकार, जो घटसर्पाच्या सर्वांत जवळ जातो. तिन्ही दोषांच्या प्रकोपाने होणारी रोहिणी सुश्रुताने असाध्य मानली, आणि आपल्या शास्त्राची मर्यादा अशी उघडपणे नोंदवणे हे या संहितेच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. घटसर्पावर निश्चित उपाय सापडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिविष तयार होईपर्यंत वाट पाहावी लागली, आणि भारतात 1978 पासून राबवलेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमानंतर तो आजार हळूहळू ओसरला. या आजारात गुळण्यांवर विसंबून राहण्याचा सल्ला कोणताही जबाबदार वैद्य आज देणार नाही.

चिकित्सेतील मुख्य साधने तीन होती. ‘गंडूष’ म्हणजे काढा, तेल किंवा मधपाणी तोंडात इतके भरणे की ते हलवता येऊ नये, आणि ‘कवल’ म्हणजे ते थोडे कमी घेऊन तोंडात खेळवणे; दोन्हींत तोंड कफाने भरेपर्यंत आणि नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत द्रव धरून ठेवावा, असे सांगितले आहे. तिसरे ‘प्रतिसारण’, म्हणजे औषधाचे चूर्ण किंवा कल्क बोटाने हिरड्यांवर, जिभेवर अथवा घशात चोळणे. कोरड पडलेल्या, भेगाळलेल्या मुखासाठी स्नेहाचा गंडूष, दाहासाठी थंड व मधुर द्रव्यांचा, कफाने चिकटलेल्या घशासाठी तिखट-तुरट द्रव्यांचा आणि व्रण भरून येण्यासाठी ‘रोपण’ गंडूष असा भेद केला जाई, म्हणून ‘गुळण्या करा’ एवढा सल्ला या परंपरेत पुरेसा मानला जात नव्हता. शस्त्रकर्मही वर्ज्य नव्हते: वाढलेली पडजीभ छेदताना फार कापली तर रक्तस्राव होतो आणि फार कमी कापली तर सूज व लाळ वाढते, असा इशारा सुश्रुताने दिला असून छेदनानंतर मिरी, अतिविष, पाठा, वेखंड यांच्या चूर्णाचे मध व सैंधवासह प्रतिसारण सांगितले आहे.

रोज दात घासण्यासाठी सुश्रुताने बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड, सरळ, गाठी नसलेले दातवण सुचवले, आणि कडू रसात कडुनिंब, तुरट रसात खैर, मधुर रसात मोह व तिखट रसात करंज श्रेष्ठ ठरवला. त्याहून महत्त्वाचा, पण पुढील काळात विसरला गेलेला भाग म्हणजे निषेधाचा: घसा, टाळू, ओठ किंवा जीभ यांचा रोग असता, तोंड आले असता, खोकला किंवा दमा असता दातवण वापरू नये. जे साधन रोग टाळते, तेच रोग झाल्यावर सुजलेल्या ऊतींना इजा करू शकते, ही जाणीव त्यात आहे.

साष्टीत खैर आजही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात उभा आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचे तुकडे मडक्यांत उकळून, काढा आटवून आणि वाळवून कात तयार होतो, आणि याच उद्योगावरून ठाणे-रायगड पट्ट्यातील कातकरी समाजाला त्याचे नाव मिळाले असे मानले जाते. कातातील तुरट द्रव्ये म्हणजे टॅनिने श्लेष्मल त्वचेवरील प्रथिने आकसवतात, त्यामुळे रक्त येणाऱ्या हिरडीला आणि आलेल्या तोंडाला उतार पडतो; चरकाच्या चिकित्सास्थानातील ‘खदिरादि गुटिका’, जी पुढे ‘खदिरादि वटी’ या नावाने घरोघरी पोचली, ती याच गुणावर उभी आहे. मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्याने होते, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात कातावर एक प्रकरण लिहिले. पण ज्या माणसांनी हे औषधी द्रव्य हाताने उकळून बाजारात आणले, त्यांच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील तोडीवर बंधने घातली आणि कातकऱ्यांचा परंपरागत धंदा मोडत गेला; वैद्यकाच्या इतिहासात वैद्यांची आणि ग्रंथांची नावे येतात, कात काढणाऱ्यांची येत नाहीत, ही उणीव गंभीर आहे.

मिठाची कथा त्या मानाने सरळ आहे. घाटकोपर, कांजूर, भांडुप आणि मुलुंड यांच्या पूर्वेला खाडीच्या पाण्यापासून मीठ पिकवले जाई, आणि घसा धरला की कोमट पाण्यात मीठ व हळद टाकून गुळण्या करणे हा या भागातील घराघरांतला पहिला उपाय होता. संहितांचा कल सैंधवाकडे, म्हणजे खाणीतल्या मिठाकडे होता. समुद्राचे मीठ त्यांना ठाऊक होते, पण पहिला मान त्याला नव्हता. खाडीकाठच्या घरांनी शास्त्राचा हा भेद बाजूला ठेवला आणि जे मीठ दारात होते तेच वापरले, यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

रेल्वेने आणि पुढे 1950 व 1957 च्या महापालिका-विस्ताराने या गावांचे उपनगर झाले, तेव्हा दातवणासाठी फांदी तोडण्याची सोय संपत आली आणि तिची जागा डबीने घेतली. औषधनिर्मितीचे कारखाने तोवर आजूबाजूला उभे राहिले होते: पनवेलला 1872 मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर संस्था स्थापली होती, तर दादरला 1910 पासून झंडूचे काम सुरू होते. 1918 मध्ये योगेंद्रांनी अंधेरीजवळ वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या ‘द सँड्स’ या घरात, योग संस्था सुरू केली. हठयोगाच्या ‘घेरंडसंहिते’तील दंतधौतीत दातांची मुळे खैराच्या रसाने किंवा स्वच्छ मातीने घासण्यास सांगितले आहे, म्हणजे वैद्यक आणि योग या दोन्ही परंपरा खैरापाशी एकत्र येतात. 1952 मध्ये नागपूरहून मुंबईत आलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी परळला ‘विको’चा आरंभ केला आणि अनेक वनस्पतींचे ‘वज्रदंती’ चूर्ण घरोघर फिरून विकले. दंतमंजनाला चाळींतून आणि नव्या इमारतींतून जागा मिळाली ती अशा विक्रीतून.

डबीबरोबर धोकाही आला. राखुंडी, म्हणजे जाळलेल्या कवचांची किंवा गोवऱ्यांची राख, दातांना झिजवत असली तरी व्यसन लावत नव्हती. भाजलेल्या तंबाखूची मिश्री मात्र दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा हिरडीला लावली जाऊ लागली, विशेषतः स्त्रियांत, आणि ज्या तोंडाचे रक्षण करायचे त्याच तोंडात कर्करोगाचे बीज पडले. 1992 मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यावर बंदी घातली, पण घरी भाजलेल्या मिश्रीला तो नियम पोचू शकत नव्हता. प्राचीन असणे हे निर्दोष असण्याचे प्रमाण नाही, हे परंपरेलाही लागू होते: चरकाच्या ‘पीतक चूर्णा’त मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकची खनिजे आहेत, आणि त्याचा वापर तज्ज्ञाविना करणे घातक आहे.

आयुर्वेदिक दंतमंजन हे औषध की प्रसाधन, हा प्रश्न अबकारी कराच्या निमित्ताने दीर्घकाळ न्यायालयांत चालला. विकोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये उत्पादकाच्या बाजूने निर्णय दिला, तर बैद्यनाथच्या ‘दंतमंजन लाल’बाबत त्याच न्यायालयाने 1990च्या दशकात आणि पुन्हा 2009 मध्ये ते सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे प्रसाधन ठरवले. कर आकारण्यासाठी अशी विभागणी करावीच लागते. संहितांनी ती केली नव्हती: चरकाने दातवण आहाराच्या मात्रेच्या अध्यायात घेतले, आणि सुश्रुताने ते चिकित्सास्थानातच, पण ‘अनागताबाधाप्रतिषेध’ या चोविसाव्या अध्यायात, म्हणजे अद्याप न आलेल्या व्याधीच्या प्रतिबंधात ठेवले, जेथे तेलाची मालीश, व्यायाम, स्नान आणि अंजन यांच्याच रांगेत दात घासणे येते.