एका पंगतीचे शिक्षण

सुवर्णमहोत्सवी अंकात मंडळाचा इतिहास, माजी पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि गणेशोत्सवातील नाट्यप्रयोगांच्या आठवणी यांना मानाचे स्थान मिळावे, हे योग्यच आहे. परंतु दिल्लीतील मराठी समाजाचा एक घटक अशा अंकांतून सहसा दिसत नाही. तो म्हणजे दोन-चार वर्षांसाठी येथे येऊन वसतिगृहात राहणारा विद्यार्थी. तो मंडळाचा आजीव सभासद नसतो, त्याचा पत्ता कायम राहत नाही आणि परीक्षा संपताच तो गावी परततो. त्याच्या या तात्पुरत्या घराचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्हां महाराष्ट्रीयांना हा विषय परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. परंतु थोड्याच वर्षांत तेथे बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थीच उरले. शाळेचे दार उघडले, तरी खेड्यातून आलेल्या मुलाला रात्री पाठ टेकण्यास जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाल्यावाचून ते दार त्याच्यासाठी बंदच असते, हे महाराजांनी ओळखले. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ सालचे मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी होते.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या एका विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकले. ते कर्मवीर भाऊराव पाटील होत. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस जेवीत. महात्मा गांधींनी १९२७ साली त्यास भेट दिली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे त्याचे नामकरण झाले. ही मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने विकले. ज्या काळी पंक्तिभेद हा धर्म समजला जाई, त्या काळी ही पंगत म्हणजे एक पाठ्यपुस्तकच होते.

दिल्लीतील परंपरा निराळ्या वाटेने आली. सेंट स्टीफन्स महाविद्यालय १८८१ साली, हिंदू महाविद्यालय १८९९ साली आणि रामजस महाविद्यालय १९१७ साली सुरू झाले. या तिघांना एकत्र घेऊन १९२२ साली दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले. सर मॉरिस ग्वायर १९३८ ते १९५० या काळात कुलगुरू होते. ऑक्सफर्डच्या धर्तीवर निवासी जीवनाला शिक्षणाचे अंग मानण्याची दृष्टी या काळात येथे रुजली. ग्वायर हॉल आजही त्यांचे नाव धारण करून आहे. विद्यापीठाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे १९४७ साली, त्या स्मरणार्थ ज्युबिली हॉल हे वसतिगृह अस्तित्वात आले. त्याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदी पुढे फर्ग्युसनचे माजी प्राचार्य रँग्लर ग. स. महाजनी आणि १९६२ ते १९६७ या काळात चिंतामणराव देशमुख हे दोन महाराष्ट्रीय विराजमान झाले, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

स्वातंत्र्यानंतरच्या वसतिगृहांनी तर देशाचा नकाशाच दारावर लावला. १९६९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. गंगा, झेलम, सतलज यांच्याबरोबर गोदावरी, ताप्ती, कोयना आणि मांडवीही तेथे आहेत. चंद्रभागा म्हणताच मराठी मनाला पंढरपूर आठवते, तर हिमाचलच्या विद्यार्थ्याला चिनाब. भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पर्वतांची नावे आहेत. तेथे सातपुडा, विंध्याचल, निलगिरी आणि काराकोरम शेजारी शेजारी नांदतात.

अशा घरात नेमके काय शिकता येते? प्रथम जिभेची परीक्षा होते. पोहे आणि आमटीवर वाढलेल्या मुलापुढे राजमा आणि पराठे येतात. शेजारचा बंगाली मित्र माशाची आठवण काढतो, तर केरळचा विद्यार्थी उकड्या तांदळाची. मग कोणाच्या आवडीचे कोणत्या वारी करावे, यावर मेस समितीच्या सभेत वाद रंगतो. मेसचा चिटणीस विद्यार्थ्यांनीच निवडलेला असतो. महिन्याचे बिल वाढले की त्यालाच जाब द्यावा लागतो. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या आम्हां मंडळींना हिशेब, सभावृत्त आणि तक्रारअर्ज यांचे महत्त्व सांगावयास नको. ते शिक्षण या मुलांना विशीतच मिळते. रात्रीच्या जेवणानंतर त्याच मेसच्या टेबलांभोवती व्याख्याने आणि वादविवाद होतात, ही नेहरू विद्यापीठाची जुनी प्रथा आहे.

या पंगतीत सर्वांना सारखे पान मिळाले, असे मात्र म्हणता येणार नाही. मुलींसाठी इंद्रप्रस्थ महाविद्यालय १९२४ साली आणि मिरांडा हाऊस १९४८ साली निघाले. तरीही वसतिगृहात परतण्याच्या वेळेची बंधने मुलींवर अधिक कडक राहिली. त्यांविरुद्ध दिल्लीतील विद्यार्थिनींनी २०१५ साली ‘पिंजरा तोड’ या नावाने आवाज उठविला. दुसरा प्रश्न पैशाचा. २०१९ साली नेहरू विद्यापीठाने एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० रुपये करण्याचे ठरविले, तेव्हा मोठे आंदोलन झाले आणि ती वाढ अंशतः मागे घ्यावी लागली. वीस रुपये ही रक्कम हास्यास्पद वाटेल. परंतु कोल्हापूर-साताऱ्याचा इतिहास ज्याने वाचला आहे, तो हसणार नाही. गरीब घरच्या मुलाचे शिक्षण बहुधा फीपेक्षा राहण्या-जेवण्याच्या खर्चावरच अडते.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. ज्यांना वसतिगृहात जागाच मिळत नाही, त्यांचे काय? महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी येणारी मुले तर कोणत्याच महाविद्यालयाची नसतात. राजेंद्रनगर, मुखर्जीनगर येथील कोंदट खोल्यांत ती भाड्याने राहतात आणि डबा एकट्याने खातात. २७ जुलै २०२४ रोजी राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या मुलांवर लक्ष ठेवणारा वॉर्डन नव्हता, त्यांची गाऱ्हाणी ऐकणारी समिती नव्हती. वसतिगृह नसणे म्हणजे केवळ खाट नसणे नव्हे, हे त्या दिवशी दिसून आले.

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना असतो. दिल्लीच्या सरकारी वसाहतींतील कित्येक मराठी कुटुंबांनी त्या रकान्यात सही करून अनोळखी मुलांची जबाबदारी घेतली, त्यांना दिवाळीच्या फराळाला बोलावले, आजारपणात घरी आणून ठेवले. या सह्यांची नोंद कोणत्याही अहवालात नाही. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासातील ते एक सोन्याचे पान आहे. हे काम आता मंडळाने संघटितपणे हाती घ्यावे, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. इच्छुक स्थानिक पालकांची यादी करावी, सुरक्षित निवासांची माहिती नव्या विद्यार्थ्यांस द्यावी आणि महिन्यातून एका रविवारी त्यांच्यासाठी मंडळात साधी पंगत घालावी. विद्यापीठाने आपला रौप्यमहोत्सव विद्यार्थ्यांच्या निवासाने चिरस्मरणीय केला. इमारत बांधण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नसेल; पण पाट मांडण्याचे निश्चितच आहे.