वसई प्रांतांतील वारसा व उत्पन्न

पित्याच्या उत्पन्नावरून पुत्राचें उत्पन्न कितपत सांगतां येतें, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ आंकड्यांनीं सोडवितात. वसई प्रांतापुरता त्याचा विचार जमिनीच्या हक्कावरून करणें आम्हांस युक्त वाटतें. कारण तेथें उत्पन्न हक्कामागून येत असे.

मिताक्षरेप्रमाणें पैतामह द्रव्यांत पुत्राचें स्वत्व जन्मानेंच उत्पन्न होतें. परंतु ज्या नियमानें हक्क टिकतो त्याच नियमानें उत्पन्न विभागतें. चार पुत्र झाले, तर वतनदार हें नांव चौघांचें, परंतु प्राप्ति प्रत्येकास चतुर्थांश. सबब वतनाच्या कागदांत पिढ्यान् पिढ्या एकच आडनांव दिसलें, एवढ्यावरून मिळकतहि तितकीच राहिली असें अनुमान करूं नये.

इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांकडे आली. त्यांनीं गांवें वार्षिक धारा ठरवून आपल्या कुलीन लोकांस बहुधा तीन जिवांच्या मुदतीनें दिलीं. म्हणजे नातवानंतर वारशास पुन्हा सरकारची कृपा लागे. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला आणि त्या धन्यांची सत्ता संपली. कुळाच्या पुत्रास मात्र कोणत्याहि अमलांत वारसा मिळे तो मुख्यतः राबण्याचा. पितापुत्रांच्या स्थितीचें सर्वांत दृढ साम्य या निर्धनांतच आढळावें. कारण तेथें वांटावयास कांहीं नव्हतें.

हें साम्य दोहों बाजूंनीं सैल झालें. विजेची आगगाडी इ. स. १९३६ मध्यें विरारपर्यंत आली व मुंबईच्या पगाराची वाट सुकर झाली. इ. स. १९४८ च्या कूळकायद्याखालीं ता. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून पुष्कळ कुळें मालक ठरलीं. परगणा व कुळकर्णी वतनें इ. स. १९५० च्या कायद्यानें संपलीं. हिंदु कन्येस पुत्राप्रमाणें जन्मसिद्ध हक्क सर्व देशभर इ. स. २००५ मध्यें मिळाला.

तथापि वारशाचें बळ सरलें असें म्हणवत नाहीं. भातखाचरांच्या व बागाईतीच्या जागीं इमारती उठल्या, तेव्हां ज्याच्या आजाचें नांव सातबाऱ्यावर चढलें होतें त्यास जमिनीचा मोल मिळाला. शेजारीं मजुरी करणाऱ्याच्या नातवास मिळाला नाहीं. दोघांच्या उद्योगांत भेद असेलच असें नाहीं. अशा अंतरास कुळाचा गुण अथवा प्राक्तन म्हणण्यापूर्वीं अभ्यासकानें हक्काची नोंद पाहावी, असें आमचें मत आहे.