लिहिलेला कायदा आणि जगलेला संसार : प्राचीन इस्राएलचे विवाह-नियम

संशोधनाची तयारी करताना ‘असे लिहिले आहे’ आणि ‘असे घडत होते’ ही दोन विधाने वेगळी ठेवायची सवय लावून घ्या. आम्हा विज्ञानवाल्यांना हे चटकन पटते. छापील प्रोटोकॉल वेगळा, वहीतली रीडिंग्ज वेगळी. धर्मग्रंथातले कायदे वाचतानाही हेच लागू होते. प्राचीन इस्राएलचे उदाहरण घेऊ.

बायबलमधल्या ‘लेवीय’ ग्रंथाच्या 18 व्या अध्यायात पुरुषाने कोणाशी शरीरसंबंध ठेवू नये याची यादी आहे. आई, सावत्र आई, बहीण, आत्या, मावशी, काकू, सून, भावजय... नीट बघा, यातल्या बऱ्याच जणी एकत्र कुटुंबात रोज वावरणाऱ्या बायका आहेत. म्हणजे हा नियम एका छपराखालच्या नात्यांना कुंपण घालतो.

आता ‘अनुवाद’ या ग्रंथाचा 25 वा अध्याय उघडा. एकत्र राहणाऱ्या भावांपैकी एक जण मुलाशिवाय मेला, तर दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न करावे. पहिला मुलगा मृताचे नाव चालवील. दिराने नकार दिला, तर तिने वडीलधाऱ्यांसमोर त्याच्या पायातले पायताण काढावे आणि त्याच्यावर थुंकावे! एकीकडे भावजय निषिद्ध, दुसरीकडे तिच्याशी लग्न हे कर्तव्य. परंपरेने दुसरा नियम अपवाद मानून हा पेच सोडवला. आधुनिक अभ्यासक मात्र हे दोन वेगळ्या लेखक-परंपरांचे कायदे मानतात.

कथा तर आणखी गोंधळात टाकतात. ‘उत्पत्ती’नुसार सारा ही अब्राहामाची सावत्र बहीण, आणि याकोबाने लेआ व राहेल या सख्ख्या बहिणींशी लग्न केले. लेवीयात दोन्ही गोष्टींना बंदी आहे. श्रद्धेचे उत्तर सोपे आहे : तेव्हा मोशेचा कायदा आलेला नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे टिपावे की कथा जपणाऱ्यांनी त्या कायद्याबरहुकूम दुरुस्त केल्या नाहीत.

मग रीडिंग्ज कुठे मिळतात? ईजिप्तमध्ये, आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर. इ.स.पू. पाचव्या शतकात पर्शियन साम्राज्याच्या चाकरीतले यहुदी सैनिक तिथे राहत. त्यांचे अरामी भाषेतले करारनामे सापडले आहेत. 1906 साली प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांत मिब्ताह्या नावाच्या स्त्रीचा विवाहकरार आहे. ‘अनुवाद’ 24 मध्ये सोडचिठ्ठी लिहून देतो तो पुरुष. या करारात मात्र मिब्ताह्याही सभेत उभी राहून नवऱ्याला सोडू शकते. ठरलेली चांदी मोजायची आणि आपले आणलेले सामान घेऊन निघायचे.

‘म्हणजे या लोकांनी कायदा मोडला’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. एलिफंटाइनच्या कागदपत्रांत मोशेच्या कायद्याचा उल्लेखच नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचला होता का, हाच मुळात प्रश्न आहे.

म्हणून कायदा हाती आला की तीन गोष्टी विचारा : तो कोणी लिहिला, त्याच काळच्या कथा काय सांगतात, आणि व्यवहाराचे कागद सापडतात का? नुसत्या कायद्यावरून ‘त्या काळी स्त्रीला घटस्फोटाचा हक्क नव्हता’ असे लिहून मोकळे झालात, तर मिब्ताह्या तुमच्या प्रबंधातून कायमची गायब होते.