पार्लरला जाताना लहान मुलांना सोबत न्यावं का? काम, वेळ आणि वय पाहून कसं ठरवायचं

‘कृपया लहान मुलांना सोबत आणू नये.’ पार्लरच्या काचेवर अशी पाटी दिसली की सोशल मीडियावर लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, ‘मग लहान मुलाच्या आईने केसही कापायचे नाहीत का?’ दुसरी म्हणते, ‘महिन्यातून एकदा तासभर निवांत बसायला येतो, तिथेही रडारड ऐकायची का?’ दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. पण या भांडणात मुलाचा विचार मागे पडतो. पार्लर किंवा सलून ही जागा दोन-चार वर्षांच्या मुलासाठी कितपत सुरक्षित असते?

थोडक्यात उत्तर असं: आयब्रो किंवा साधा हेअरकट असेल आणि आधी विचारलं असेल, तर मुलाला न्यायला हरकत नाही. हेअर कलर, स्मूदनिंग, केराटिन, वॅक्सिंग यांसाठी मात्र नेऊ नये. यामागची कारणं आणि नाइलाज असेल तर काय करायचं, ते पाहू.

हा प्रश्न येतोच का?

घरात आजी किंवा काकू असेल तर ‘जरा याच्याकडे बघता का, आलेच अर्ध्या तासात’ एवढं म्हणून निघता येतं. पुणे, ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांत अनेक घरांत दोघंच असतात आणि दोघांच्याही नोकऱ्या असतात. पाळणाघरं साधारणपणे महिन्याच्या हिशेबाने चालतात, रविवारी बंद असतात. कायद्यानुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. पण ती सोय कामाच्या वेळेपुरती. सुट्टीच्या दिवशी पार्लरला जाणाऱ्या आईला तिचा उपयोग नाही.

त्यामुळे ‘मूल सोबत का आणलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हौस म्हणून’ असं नसतं. ‘ठेवायला कोणी नव्हतं’ असंच असतं.

बाबांच्या सलूनमध्ये हा वाद कमी होतो, त्याचंही कारण आहे. तिथे खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून मुलाला बसवायची जुनी पद्धत आहे. मूल तिथे स्वतःच गिऱ्हाईक असतं, दहा-पंधरा मिनिटांत त्याचं काम होतं. लेडीज पार्लरमध्ये मूल फक्त सोबत आलेलं असतं आणि त्याला करण्यासारखं काहीच नसतं. कंटाळलेलं मूल हात घालायला काहीतरी शोधतं आणि अडचण तिथून सुरू होते.

कोणत्या कामाला न्यावं, कोणत्या नाही?

वेळा अंदाजे आहेत. केसांची लांबी आणि गर्दी यांवर त्या बदलतात.

* आयब्रो, अप्पर लिप: १० ते १५ मिनिटं. नेता येतं. मूल शेजारी बसलेलं असावं, मांडीवर नको. दोरा चालू असताना मुलाने हात ओढला तर त्वचा कापली जाऊ शकते.
* साधा हेअरकट: ३० ते ४५ मिनिटं. गर्दी नसेल तर नेता येतं. तान्हं बाळ मांडीवर घेऊन केस कापून घेऊ नयेत, कात्री कानाजवळून फिरत असते.
* फेशियल, क्लीनअप: ४५ ते ७५ मिनिटं. टाळावं. तुमचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पॅक आणि तुम्ही आडव्या. मूल काय करतंय हे तुम्हाला दिसणारच नाही.
* वॅक्सिंग: ३० ते ९० मिनिटं. नेऊ नये. गरम वॅक्सचं भांडं बहुतेक वेळा मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवलेलं असतं. शिवाय आईला वेदना होताना पाहून लहान मूल घाबरतं.
* मॅनिक्युअर, पेडिक्युअर, नेल आर्ट: एक ते दोन तास. टाळावं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. त्याचा वास उग्र असतो आणि ते पटकन पेट घेतं.
* हेअर कलर, हायलाइट्स: दोन ते तीन तास किंवा जास्त. नेऊ नये.
* स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन: तीन ते पाच तास. अजिबात नेऊ नये.

मुलाला धोका नेमका कशाचा?

आपल्या मनात पहिली भीती कात्रीची असते. पण कात्री बहुतेक वेळ कारागिराच्या हातात असते. खरा धोका तिथे असतो जिथे कोणाचंच लक्ष नसतं.

उष्णता. केस सरळ करायच्या मशीनच्या पट्ट्या १८० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि बटण बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतात. मशीन ट्रॉलीवर ठेवलेली असते, वायर खाली लोंबत असते. रांगणारं किंवा नुकतंच चालायला लागलेलं मूल आधी वायरच ओढतं. लहान मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेने ती जास्त खोलवर भाजते. वॅक्स त्वचेला चिकटून राहतं, म्हणून तो चटका आणखी वाईट.

वाफा आणि वास. स्मूदनिंग किंवा केराटिनसाठी वापरल्या जाणाऱ्या काही उत्पादनांतून मशीनच्या उष्णतेमुळे फॉर्मल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश माणसाला कर्करोग होऊ शकतो अशा पदार्थांच्या पहिल्या गटात केला. एका वेळच्या संपर्काने लगेच कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, खोकला हे त्रास लगेच होऊ शकतात आणि दमा असलेल्या मुलाला अटॅक येऊ शकतो. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २०११ मध्ये इशारा दिला होता की असं लेबल असलेल्या काही उत्पादनांतही तो सापडला आहे.

केस ब्लीच करायच्या पावडरमध्ये परसल्फेट असतात. ही पावडर सतत हाताळणाऱ्या कारागिरांमध्ये दम्याचं ते एक माहीत असलेलं कारण आहे. लहान मूल मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं. त्यामुळे वजनाच्या मानाने त्याच्या शरीरात हवेतली रसायनं जास्त जातात. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या छोट्या पार्लरमध्ये ही अडचण आणखी वाढते.

पोटात जाणं. अनेक हेअर डायमध्ये पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमिन) हे रसायन असतं. ते पोटात गेलं तर चेहरा आणि घसा सुजून श्वास अडकू शकतो, नंतर किडनीवर परिणाम होतो. पार्लरमध्ये डाय वाटीत कालवून ठेवतात. लहान मुलाला ती वाटी खाऊची वाटू शकते.

बारीकसारीक गोष्टी. फिरत्या खुर्चीखाली बोटं सापडणं, जमिनीवर सांडलेलं पाणी आणि केस यांवरून घसरणं, वस्तऱ्याची टाकलेली ब्लेड, कोपऱ्यातला काचेचा दरवाजा. यांतलं प्रत्येक टाळता येण्यासारखं आहे, पण त्यासाठी मुलावर सतत कोणाचा तरी डोळा हवा.

वयाचा काय हिशेब?

सहा महिन्यांपर्यंत: बाळ बराच वेळ झोपतं, त्यामुळे छोट्या कामाला नेणं सोपं वाटतं. दूध पाजून निघालात तर अर्धा-पाऊण तास मिळतो. पण ड्रायरचा आवाज आणि रसायनांचा वास यांमुळे बंद पार्लर बाळासाठी बरं नाही.

सहा महिने ते तीन वर्षं: सगळ्यात अवघड वय. हाताला लागेल ते ओढायचं, तोंडात घालायचं आणि ‘नको’ म्हटलेलं कळायचं नाही. सोबत दुसरं मोठं माणूस नसेल तर या वयात नेऊ नये.

तीन ते सहा वर्षं: अर्धा तास बसू शकतात, पण चित्रांची वही किंवा खेळणं हवं. केस कापायला घाबरणाऱ्या मुलाला आई-बाबांचे केस कापताना दाखवलं तर पुढे त्याची भीती कमी व्हायला मदत होते.

सहाच्या पुढे: गोष्टीचं पुस्तक घेऊन तासभर बसणारी मुलं असतात. तरी केराटिनचे चार तास कोणत्याच मुलाने तिथे काढू नयेत.

पार्लरवाल्या ताईंची अडचण

मूल आलं की ‘ताई, जरा बघाल का?’ असं आपण सहज म्हणून जातो. पण त्यांच्या हातात दोरा, कात्री किंवा गरम वॅक्स असतं. एका खुर्चीचं काम वीस मिनिटं लांबलं तर पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंट सरकतात. मोठ्या सलूनमध्ये अनेक कारागिरांना कामाच्या प्रमाणात कमिशन मिळतं, तिथे वेळ गेला की पैसेही जातात. आणि मुलाला काही लागलं तर बोल आधी त्यांनाच लागतो. म्हणून ‘मुलं आणू नका’ या पाटीमागे नेहमीच तुसडेपणा नसतो.

पार्लरनेही काही गोष्टी केल्या तर वाद बरेच कमी होतील. नियम असेल तर तो अपॉइंटमेंट घेतानाच सांगावा, दारात आल्यावर नाही. आठवड्यातली गर्दी नसलेली एखादी सकाळ लहान मुलांच्या आयांसाठी ठेवावी. त्या वेळेत स्मूदनिंगची कामं घेऊ नयेत.

न्यावंच लागलं तर

* फोनवर विचारा: ‘माझ्यासोबत तीन वर्षांचं मूल असेल, चालेल का? त्या वेळेला कोणाचं स्मूदनिंग आहे का?’ तुमचं काम साधं असलं तरी शेजारच्या खुर्चीवर काय चाललंय हेही महत्त्वाचं.
* शनिवार-रविवार, दिवाळी-गणपतीच्या आधीचे दिवस आणि लग्नसराई टाळा. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी.
* मुलाचं खाणं, शी-शू उरकून निघा. झोपेची वेळ गाठू नका.
* मुलाला मशीन, वॅक्स आणि ट्रॉलीपासून लांब, पण आरशात तुम्हाला दिसेल असं बसवा.
* एका वेळी एकच काम करा. ‘आलेच आहे तर फेशियलही करून टाकते’ हे त्या दिवशी नको.
* मूल रडायला लागलं तर थांबवायचं कुठे, हे आधीच ठरवा. आयब्रो एका बाजूची राहिली तर पंचाईत, पण हेड मसाज मध्येच सोडता येतो.

हातात मोबाइल दिला तर?

मूल गप्प बसतं हे खरं. पण दोन गोष्टी पाळायला हव्यात. आवाज बंद ठेवा, कारण तिथे इतरजणीही आहेत. आणि कॅमेरा व व्हिडिओ कॉल सुरू होणार नाही असं बघा. पार्लरमध्ये बायका निर्धास्त बसलेल्या असतात, वॅक्सिंगच्या खोलीचा पडदा अर्धवट उघडा असू शकतो. मुलाच्या हातून चुकून लागलेल्या व्हिडिओ कॉलमुळे दुसऱ्या बाईचा खासगीपणा जातो. ऑफलाइन कार्टून लावून फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा.

काही झालंच तर

* भाजलं: लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप लावू नका. चिकटलेलं वॅक्स ओढून काढू नका. त्यावरही पाणी सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.
* डोळ्यात गेलं: स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. चोळू देऊ नका.
* पोटात गेलं: उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा. त्रास दिसत नसला तरी थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

दुसरे मार्ग

सगळ्यात सोपा मार्ग घरातच असतो. बाबांनी दोन तास मुलाला सांभाळायचं. त्याला ‘मदत’ म्हणायची गरज नाही, मूल दोघांचं आहे. सोसायटीत दोन मैत्रिणींनी आळीपाळीने मुलं सांभाळली तरी जमतं. एकट्या आईला किंवा एकट्या बाबांना हा दुसरा मार्ग जास्त उपयोगाचा.

ब्युटिशियनला घरी बोलावण्याचा पर्यायही आहे. पण घर आहे म्हणून धोका संपत नाही. वॅक्सचा हीटर जमिनीवर ठेवला जातो आणि मूल मोकळं फिरत असतं. त्यामुळे ती खोली बंद ठेवा, किंवा मूल झोपल्यावरची वेळ घ्या.

यांतलं काहीच जमत नसेल तर कामं विभागून घ्या. आयब्रो आणि हेअरकट मुलासोबत उरकता येतात. कलर किंवा केराटिनसाठी मात्र मुलाला कोणाकडे तरी ठेवता येईल अशा दिवसाची वाट पाहिलेली बरी. आणि पुढच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर मूल घेऊन बसलेली आई दिसली, तर कपाळाला आठ्या घालण्याआधी एवढं लक्षात असू द्या की तिलाही बहुतेक दुसरा पर्याय मिळालेला नसतो.