कार्बनी नॅनोद्रव्यांची सुरक्षितता-परीक्षणे

ज्या कार्बनी द्रव्यांची निदान एक मिती सु. १ ते १०० नॅनोमीटर असते, त्यांना कार्बनी नॅनोद्रव्ये म्हणतात. फुलेरीन, नॅनोनलिका व ग्रॅफीन ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. सूमिओ ईजीमा या जपानी भौतिकीविज्ञांनी १९९१ मध्ये बहुभित्तिक नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर औषधांचे वहन, रोगनिदान, ऊतकांचे आधारसांगाडे असे त्यांचे अनेक वैद्यकीय उपयोग सुचविण्यात आले. सुरक्षिततेचा विचार मात्र मागाहून आला.

२००४ मध्ये अमेरिकेत दोन स्वतंत्र प्रयोगांत एकभित्तिक नलिका उंदरांच्या श्वासनलिकेत सोडण्यात आल्या. दोन्हींत फुप्फुसांत कणार्बुदे आढळली. तथापि त्यांपैकी एका प्रयोगात सर्वाधिक मात्रा दिलेले सु. १५ टक्के प्राणी मेले, ते विषामुळे नव्हे, तर गुठळ्यांनी श्वासमार्ग तुंबल्यामुळे. म्हणजे द्रव्याचा दोष कोणता व ते देण्याच्या रीतीचा कोणता, हे प्रथम वेगळे करणे आवश्यक होते.

कसोट्यांविषयीही हीच अडचण उद्भवली. कोशिका जिवंत आहेत की नाहीत, हे एमटीटी या रंजकाच्या परीक्षेने ठरविण्याची पद्धत रूढ आहे. जिवंत कोशिका त्यापासून जांभळे, अविद्राव्य फॉर्मझान बनवितात. जर्मनीतील संशोधकांनी २००६ मध्ये असे दाखविले की, हे फॉर्मझान नलिकांनाच चिकटून बसते. त्यामुळे रंग फिका पडतो व धडधाकट कोशिकाही मृत गणल्या जातात. जलविद्राव्य रंजक वापरणाऱ्या परीक्षेत तसा परिणाम दिसला नाही. आधीच्या कित्येक निष्कर्षांचा पाया यामुळे डळमळीत झाला. त्यातच उत्पादनात उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या लोह, निकेल इ. धातूंचे अवशेष नलिकांत राहतात व त्यांची विषालुता नलिकांच्या नावावर जमा होते. एकाच परीक्षेवर विसंबून काढलेला निष्कर्ष, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, ग्राह्य धरता येत नाही.

ॲस्बेस्टसशी असलेले साम्य हा याहून गंभीर प्रश्न होय. २००८ मध्ये एडिंबरो येथील संशोधकांनी उंदरांच्या उदरपोकळीत नलिका टोचल्या. लांब व ताठ नलिकांमुळे ॲस्बेस्टसप्रमाणे शोथ व कणार्बुदे निर्माण झाली. आखूड व गुंतलेल्या नलिकांमुळे तसे झाले नाही. महाभक्षी कोशिकेला लांब तंतू पुरता गिळता येत नाही, हे याचे कारण मानतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी–७ ही एकच नलिका ‘संभाव्य कर्कजनक’ (गट २ ब) ठरविली. इतरांबाबतचा पुरावा वर्गीकरणास अपुरा ठरला.

याउलट, २०१० मध्ये उदासीनरागी श्वेतकोशिकांतील मायलोपेरॉक्सिडेज हे एंझाइम एकभित्तिक नलिकांचे विघटन करू शकते, असे आढळले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित परीक्षणात १४ निरोगी स्वयंसेवकांनी शुद्ध व अतिपातळ ग्रॅफीन ऑक्साइड दोन तास हुंगले. फुप्फुसांचे कार्य व रक्तदाब यांवर लक्षणीय अल्पकालीन दुष्परिणाम आढळला नाही. दीर्घकालीन परिणामांची तपासणी या परीक्षणाच्या कक्षेत नव्हती.