झोळीतलं भय

बाजरीची मळणी उरकली की आमच्या गावात डवरी गोसावी यायचे. आमचं गाव सटाण्याच्या पुढे, ताहाराबादच्या बाजूला. तिथून पिंपळनेरचा घाटरस्ता धरला की धुळे जिल्हा लागतो. भगवी कफनी, गळ्यात माळा, हातात डमरूसारखं छोटं डवर आणि खांद्याला झोळी. माझी आजी, तिला आम्ही मोठी माय म्हणायचो, सूपभर बाजरी आणून झोळीत ओतायची. मग तो गोसावी ओट्याच्या कडेला टेकायचा आणि दोघांच्या गप्पा सुरू व्हायच्या. त्याच्या थोरल्या मुलीचं कुठे जमलं, पंढरपूरच्या पलीकडे यंदा पाऊस कसा झाला, गेल्या वर्षी सोबत असलेला भाऊ का आला नाही, हे सगळं तिला माहीत असायचं. त्यालाही आमच्या घरात कोण आजारी आहे, कोणाचं बाळंतपण आहे, ते पाठ असायचं. वर्षातून एकदा येणारा माणूस, पण पाहुण्याइतका ओळखीचा.

हीच मोठी माय दुपारी आम्ही झोपलो नाही की डोळे वटारून म्हणायची, "गप नीज, नाहीतर बाबा झोळीमा टाकीसन लई जाई!" सकाळी ज्या झोळीत तिने बाजरी ओतलेली असे, तीच ही झोळी. पोरांना यात काही विसंगत वाटत नसे. दुपारी आम्ही त्याला भ्यायचो आणि सकाळी तिच्या पदराआडून त्याचं डवर कसं वाजतं ते बघायचो. भय होतंच. पण ज्याचं भय वाटे, तो माणूस आमच्याच ओट्यावर बसून पाणी पीत असे.

एका श्रावणात ती आम्हाला नाशिकला घेऊन गेली. पंचवटीत सीता गुंफेत अंग आखडून, वाकून उतरावं लागतं. बाहेर आल्यावर वडाखाली बसून तिने सीताहरणाची गोष्ट सांगितली. रावण भिक्षेकरी होऊन आला, सीता भिक्षा घालायला रेषेबाहेर आली आणि गेली. नाशिककरांनी शतकानुशतकं सांगितलेली, हरवलेल्या माणसाची ही पहिली गोष्ट. तिच्यात पळवणारा येतो तोच मुळी यतीच्या वेषात. आमच्या भागातल्या पोराटोरांच्या मनात झोळीवाल्याचं भय कुठून आलं, हे शोधायला फार लांब जायला नको.

पण मोठी माय रावणावर फार वेळ घालवत नसे. ती रमायची ती पुढच्या भागात. राम परत येतो, पर्णकुटी रिकामी दिसते आणि तो विचारत सुटतो. झाडांना, हरणांना, गोदावरीला. शेवटी पंख तुटलेला जटायू भेटतो आणि पाहिलं तेवढंच सांगतो. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला लोक अजूनही ती जागा दाखवतात. माझ्या मनात या गोष्टीतली एक बाब मोठेपणी रुतून बसली. बायको एका खोट्या साधूने नेली, तरी रामाने दंडकारण्यातल्या एकाही खऱ्या साधूला वाटेत अडवलं नाही. ज्याने पाहिलं होतं, त्याच्या शब्दावर तो दक्षिणेला वळला.

मोठ्या मायचं माहेर कळवण तालुक्यात. गिरणेवरचं चणकापूरचं धरण १९११ च्या सुमाराला पुरं झालं. त्या वेळच्या गोष्टी तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या. धरणाचा पाया पक्का व्हायला मूल लागतं, सरकारची माणसं पोरं धरायला हिंडतात, अशी आवई उठली होती. बायकांनी पोरांना कोठीच्या खोलीत कोंडून ठेवलं, बाजाराला जाणं सोडलं. ही काही एकट्या कळवणची गोष्ट नव्हे. इंग्रजी अमलात मोठा पूल किंवा धरण उठलं, की अनेक ठिकाणी पायात नरबळी घालतात ही कंडी पिकली. मोठं काम, अनोळखी मजूर, परकं सरकार, आणि कुणी काही समजावून सांगत नाही. असल्या जमिनीत हे बी लगेच रुजतं.

तिच्या आईच्या सांगण्यात एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. आवई उठल्यावर गावच्या पाटलाने दोन जाणती माणसं धरणावर पाठवली. ती माणसं दोन दिवस तिथे राहिली, मजुरांच्या भाकरी खाऊन आली आणि चावडीवर सांगितलं, की तिथे काम करणाऱ्यांचीच पोरं दगडांवर खेळताहेत. भय एकदम गेलं नाही, पण पोरं कोठीतून बाहेर आली. आवई बैलगाडीच्या चालीने आली होती, त्यामुळे तिच्या पाठोपाठ माणूस पाठवायला सवड होती.

सवड मिळाली नाही की काय होतं, ते त्या काळातही दिसलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारून टाकतात, अशी बोलवा गिरणगावात पसरली आणि ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. म्हणजे जुनं ते सगळं सोन्यासारखं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींतच हे विष थोडंथोडं होतं.

आता २०१८ ची गोष्ट. त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक फोनवर एक चित्रफीत आली. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि सुसाट निघून जातात. खाली मजकूर, की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा. ती फीत कराचीची होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने लोकजागृतीसाठी ती तयार केलेली. मूळ फितीत ते दोघे मोटारसायकल वळवून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात, की मूल पळवायला एक क्षण पुरतो. ते शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापून टाकले होते. आईबापांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून केलेलं काम, शेपूट कापल्यावर माणसं मारण्याचं कारण झालं. दुसरी एक फीत मालेगावात फिरत होती. ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह, आणि खाली मजकूर की अवयव काढून घेतलेली ही पोरं. ती मुलं २०१३ मध्ये सीरियातल्या घौता इथे विषारी वायूने गेलेली होती. आर्थर रोडच्या बोलवेत आणि या मजकुरात सव्वाशे वर्षांचं अंतर, पण गाभा तोच.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यात पिंपळनेरजवळच्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षेसाठी आलेले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी काहीतरी बोलला. एवढंच घडलं होतं. बाजारातल्या कुणीतरी त्या बोलण्याला फोनवरची टोळी जोडली. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच ते मेले. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला.

ते पाचही जण मोठ्या मायच्या ओट्यावर बसणाऱ्या माणसाच्या समाजाचे होते. ज्या रस्त्याने ते बाजाराला गेले, त्याच रस्त्याने आमचे लोक पिंपळनेरला सोयरिकीला जातात. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. माझी आई एवढंच म्हणत राहिली, की एकाने तरी त्यांना गाव विचारायचं होतं. मारणाऱ्यांतल्या कुणाच्या आजीने कधी सूपभर धान्य त्यांच्या वडिलांच्या झोळीत ओतलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

त्याच रात्री मालेगावात हेच पुन्हा घडू घातलं होतं. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन भीक मागणाऱ्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. तिथे मात्र मोहल्ल्यातल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. बाहेर गर्दी वाढत गेली, पोलिसांच्या गाडीचीही मोडतोड झाली, पण ते कुटुंब जिवंत सुटलं. तेव्हा तिथे अपर पोलीस अधीक्षक असलेल्या हर्ष पोद्दार यांच्या पथकाचं काम त्या रात्रीमुळे देशभर ठाऊक झालं. दार लावणाऱ्या त्या माणसाचं नाव मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. माझ्या लेखी नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे.

नंतर १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या. व्हॉट्सअॅपने भारतापुरती एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. मर्यादेचा उपयोग झाला असेल. पण एका गावाला पाच गट पुरून उरतात.

एका गटातही तर्क किती लवकर पेटतो, हे मी जवळून पाहिलं आहे. धावपटू कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्यातून धावत धावत २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत पदकं घेऊन आली, तेव्हापासून नाशिकच्या खेड्यांत पोरांच्या धावण्याला मान आला. त्यात पोलीस भरतीचे १६०० मीटर. आमच्याकडे पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर दहा-पंधरा पोरं पळताना दिसतात. अशाच एका पहाटे गेलेला एक पोरगा आठ वाजले तरी परतला नाही. फोन घरीच. नऊच्या आत त्याचा फोटो गावच्या गटावर आला आणि तर्क सुरू झाले. एक म्हणाला बिबट्या, उसात ओढून नेलं असणार. दुसऱ्याने बाजारातल्या उधारीचा विषय काढला. तिसऱ्याने एका मुलीचं नाव घेतलं, ज्या बिचारीचा काही संबंध नव्हता. मग कुणीतरी किडनी काढणारी टोळी लिहिलं, आणि कुणाला तरी आठवलं, की माळावर दोन दिवसांपासून मेंढपाळ ठेलाऱ्यांची पालं पडली आहेत. चार-पाच मोटारसायकली सुरू झाल्या.

गावात जुने पोलीस पाटील होते, ऐंशीच्या पुढचे. पाटीलकीची वतनं १९६२ च्या कायद्याने गेली, पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमणुका सुरू झाल्या, त्या पहिल्या फळीतले. ते काठी टेकत वेशीवर येऊन उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला, "त्याले शेवट कोनी दखं?" कोणी बोलेना. गटावर दोनशे माणसं तर्क करत होती आणि पाहिलेलं एकानेही नव्हतं. मग ते म्हणाले, "पहाटे माळावर जागं कोण असतं? ठेलारी. चला, त्यांना विचारू." पोरांच्या आधी ते स्वतः पालांकडे गेले. मेंढ्या सोडायला उठलेल्या एका म्हाताऱ्या ठेलाऱ्याने पोराला हरणबारी धरणाच्या कालव्याच्या बाजूला वळताना पाहिलं होतं. कालव्याच्या मोरीखाली तो सापडला, घोट्याचं हाड मोडलेलं, ओरडून घसा बसलेला. कांद्याच्या ट्रॅक्टरला वाट द्यायला बाजूला झाला आणि घसरला होता.

पाटलांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी भटकी बिऱ्हाडं गावाजवळ उतरली की कारभारी आधी पाटलाकडे वर्दी द्यायला यायचा. कोण, कुठले, किती दिवस मुक्काम. त्या पद्धतीला एक काळी बाजूही होती. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांना हजेरी लावायला लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. संशय तिथल्या तिथे राहिला. पण पाटील सांगायचे, की वर्दी म्हणजे नुसता पहारा नव्हे. नोंदवलेल्या माणसाला काही झालं, तर जाब पाटलाला द्यावा लागे.

आणखी एक गोष्ट लोकांना समजावून सांगायला हवी. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण धरूनच गुन्हा नोंदवायचा. हा निकाल मुलांच्या भल्याचा आहे, कारण त्याआधी पोलीस नुसती नोंद करून बसायचे. पण त्यामुळे रागावून मामाकडे गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची बातमीही वर्तमानपत्रात अपहरण म्हणून छापून येते. ती कात्रणं एकापुढे एक लावून कुणीतरी पाठवतो आणि वाचणाऱ्याला टोळी दिसू लागते. मूल परत आल्याची बातमी मात्र कुणी छापत नाही आणि कुणी पाठवतही नाही. पत्रकार मित्रांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, की पहिली बातमी जिथे छापली, तिथेच दुसरीही छापा.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. लाखो अनोळखी माणसं येतील, त्यांत हजारो भगव्या वेषातली, झोळी घेतलेली. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली, आमच्या वारकरी परंपरेला त्याच नाथपंथाचा धागा आहे. दर सिंहस्थाच्या निमित्ताने नाथ जोगी त्र्यंबकेश्वरहून पायी थेट मंगळूरच्या कदरी मठापर्यंत जातात, महिनोन्‌महिने, गावोगाव मुक्काम करत. त्यांच्या वाटेवरच्या गावांनी सिंहस्थाची वाट न बघता आताच ग्रामसभेत ठरवून घ्यावं. फोनवर काही आलं तर पोलीस पाटलाला कोण कळवणार, अनोळखी माणसाजवळ कोण दोघं जाऊन बोलणार, गर्दी जमली तर त्याला बसवायला कुणाचं घर उघडं ठेवायचं. ठाण्यातून गाडी यायला आमच्याकडे अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात त्या माणसाचा जीव गावालाच सांभाळायचा आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर ११२ आणि १०९८ हे मदतीच्या फोनचे आकडे मोठ्या अक्षरांत रंगवायचं गेल्या ग्रामसभेत ठरलं आहे, आणि उघड्या घरासाठी तीन जणांनी आपली नावं लिहून दिली आहेत.