भंडारदरा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील धरण, जलाशय आणि तंबूतल्या मुक्कामासाठी प्रसिद्ध असलेला परिसर. मुख्य गाव शेंडी. मुंबईहून रस्त्याने सुमारे १७० किमी. सभोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) येथून जवळच आहे.

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावरील दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. उंची सुमारे ८२ मी., साठा सुमारे ११ टीएमसी. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला, तर आर्थर हे नाव जलाशयाला मिळाले.   दादरला कसारा लोकल पकडायची, पुढे एसटी किंवा जीपने घोटीमार्गे शेंडी गाठायची, हा मध्य मुंबईकरांचा सह्याद्रीत शिरण्याचा स्वस्त मार्ग आहे. घोटीनंतर डोंगर जवळ येऊ लागतात.

धरणाचे पाणी मूळचे शेतीचे आहे, हे येथे येणाऱ्याने विसरू नये. धरणातून आवर्तन सुटले की पाणी ओझर बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत जाते आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडची शेते भिजवते. प्रवरेच्या काठचा ऊस आणि त्यावर उभी राहिलेली सहकारी साखर कारखानदारी याच पाण्यावर वाढली. त्यामुळे जलाशयाचा काठ एका जागी राहत नाही. दिवाळीत ज्या बांधाला लाटा लागतात, तिथून मे महिन्यात पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावे लागते. हा गाळ वरून सुकलेला दिसला तरी खाली ओला असतो आणि पाय अडकतो. काठापासून अचानक खोल होणाऱ्या पाण्यात पोहण्याचे धाडस करू नये.

तंबू बहुतेक ठिकाणी भात काढलेल्या खाचरांत लागतात. जमिनी महादेव कोळी समाजातील कुटुंबांच्या आहेत. इंग्रजांविरुद्ध लढलेले राघोजी भांगरे याच समाजातले, याच तालुक्यातले. जेवण घरचे मिळते : नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, सोबत इंद्रायणी किंवा काळभात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तंबूचे कापड दवाने ओलेचिंब होते, त्यामुळे जाड पांघरूण हवेच. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीकडे धुवाधार पाऊस असतो. तेव्हा तंबूपेक्षा गावातली खोली बरी. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी मात्र पावसातच पाहावी. काळा दगड भिजला की कोरीवकाम उठून दिसते.

भंडारदऱ्याची खरी श्रीमंती म्हणजे अंधार. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ आणि उंबराच्या झाडांवर काजवे लखलखतात. झाड एकदम उजळते, विझते, पुन्हा उजळते. नर चमकून मादीला साद घालतो. माद्या बहुधा खाली, गवतात आणि झुडपांत असतात. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. त्याआधीचा दीर्घ काळ तो अळीच्या रूपात ओल्या मातीत, गोगलगाई खाऊन काढतो. म्हणून गाडीचे दिवे, मोबाइलची विजेरी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश साद-प्रतिसाद तोडतात, तर झाडाखाली जमलेल्या गर्दीच्या पायाखाली माद्या आणि अळ्या चिरडतात. काजवा महोत्सवाने गावाला चार पैसे मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते, तेव्हा काजव्यांचे नुकसान उघड दिसते. वन विभागाचे निर्बंध योग्य आहेत आणि ते आणखी कडक असायला हवेत.

काजव्यांसाठी येणाऱ्यांनी मधल्या वारी यावे, गाडी गावात ठेवून गावातल्याच वाटाड्याबरोबर पायी जावे, झाडापासून दूर उभे राहावे आणि मोबाइल खिशातून काढू नये.